बिल पाहिजे का?

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मे महिन्यात दुपारी तीन वाजता जीन्स शिवण्याच्या एखाद्या गाळ्यात उभं राहून पाहा. वर पत्रा, खाली वीस-बावीस मशीन, कोपऱ्यात इस्त्रीची वाफ. पंखे फिरतात, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलतात. कारागीर बनियनवर बसलेले असतात. गेल्या मे महिन्यात मी अशाच एका गाळ्यात गेलो होतो, माझ्या मामेभावाबरोबर. तो एसी बसवण्याचं काम करतो. मालक ओळखीचा, आपल्याच समाजातला, सचोटीचा माणूस. त्याला दोन एसी लावायचे होते. एक स्वतःच्या केबिनमध्ये आणि एक कटिंगच्या खोलीत. भाव ठरला, चहा झाला आणि मामेभावाने नेहमीचा प्रश्न विचारला, "चाचा, बिल पाहिजे का?"

चाचांनी हात झटकला. "बिल काय करायचं? जीएसटी कोण भरणार?"

व्यवहार रोखीने झाला. दोघेही खूश होते. मी मात्र रस्ताभर विचार करत होतो, की या एका वाक्यात चाचांनी किती पैसे सोडले, आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून या वेळचं संपादकीय घसाऱ्यावर आहे. विषय कोरडा वाटेल याची मला कल्पना आहे. आरक्षण, वक्फ, शिष्यवृत्ती यांवर आपण इथे पुष्कळ लिहितो आणि ते लिहायलाच हवं. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक साधा आकडा आहे: देशातल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. दुकान, गाळा, गॅरेज, बेकरी, सलून, घरातली शिलाई. ज्या समाजाची एवढी माणसं स्वतःच्या यंत्रांवर जगतात, त्या समाजात यंत्राच्या झिजेचा हिशेब कुणालाच येत नसेल, तर तोही नागरी हक्काचाच प्रश्न आहे.

घसारा म्हणजे काय, ते आधी पाहू. तुम्ही धंद्यासाठी एसी घेतला. तो काही एका वर्षात संपत नाही, म्हणून त्याची पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण तो दरवर्षी झिजतो. त्या झिजेइतकी रक्कम कायदा दरवर्षी तुमच्या नफ्यातून वजा करू देतो. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ३२ हेच सांगतं. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ चा नवा आयकर कायदा घेतो. कलमांचे क्रमांक बदलतात, घसाऱ्याची कल्पना तीच राहते. इथे दिलेले दर आणि कलमं मी १९६१ च्या कायद्याची आणि त्याखालच्या नियमांची घेतली आहेत.

एसी यंत्रसामग्रीत मोडतो आणि त्यावर १५ टक्के घसारा मिळतो. इमारत व्यवसायाची असेल तर तिच्यावर १० टक्के. फर्निचर आणि विजेच्या फिटिंगवरही १० टक्के. आणि गंमत म्हणजे पंखा या फिटिंगमध्ये येतो. वायरिंग, स्विच, सॉकेट यांच्या रांगेत नियमांनी त्याचं नाव घातलं आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत पंखा एसीपेक्षा सावकाश म्हातारा होतो. ज्याने कॅम्प पाचच्या गाळ्यातले पंखे पाहिले आहेत, त्याला हे पटणार नाही.

यंत्र कुठे संपतं आणि इमारत कुठे सुरू होते, यावर मोठमोठे खटले झाले आहेत. १९७१ साली सिकंदराबादच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हॉटेलातल्या नळजोडण्या आणि संडास-बाथरूमची फिटिंग हीसुद्धा यंत्रसामग्रीच, कारण हॉटेलचा धंदा त्यांच्यावाचून चालत नाही. (हे मुंबईचं ताज नव्हे.) पुढे २००० साली आनंद थिएटर्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की हॉटेलची किंवा थिएटरची अख्खी इमारत यंत्र ठरत नाही. कायद्यातली व्याख्याही मजेशीर आहे. तिच्यात पुस्तकं आणि शस्त्रक्रियेची उपकरणं येतात. चहाची झुडपं आणि जनावरं येत नाहीत. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की मोठे हॉटेलवाले दहा आणि पंधरा टक्क्यांतल्या फरकासाठी दिल्लीपर्यंत भांडतात. आपण मिळणारे पंधरा टक्के चहाच्या कपाबरोबर सोडून देतो.

आता चाचांचा हिशेब करू. एका एसीची किंमत ४०,००० रुपये धरा. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे कर ७,२०० रुपये. एकूण ४७,२००. जीएसटी नोंदणी असलेला धंदा असेल तर हे ७,२०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत वळते करता येतात आणि घसारा ४०,००० वर लागतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही, पण मग घसारा पूर्ण ४७,२०० वर मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. ब्रॅकेट, कॉपर पाइप, स्टॅबिलायझर, हमाली, बसवण्याची मजुरी हे सगळं यंत्राच्या किमतीत मिळवायचं. पुढच्या वर्षांत गॅस भरला, सर्व्हिसिंग केलं, तर तो खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो.

४७,२०० चे पंधरा टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ७,०८० रुपये. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ४०,१२० चे पंधरा टक्के, ६,०१८. तिसऱ्या वर्षी ५,११५. असा आकडा घटत जातो, पण शून्य कधीच होत नाही. दहा वर्षांनी तो एसी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेला असतो आणि वहीत त्याचे सुमारे ९,३०० रुपये अजून शिल्लक असतात. भंगाराचे आलेले पैसे तेवढे त्या गटातून वजा करायचे. बाकीच्या यंत्रांबरोबर उरलेली रक्कम पुढे झिजत राहते.

आणि इथे रोखीचा फटका बसतो. २०१७ च्या वित्त कायद्याने कलम ४३ मध्ये तरतूद घातली, की अशा वस्तूसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर ती वस्तूच्या किमतीत धरलीच जाणार नाही. चाचांनी एसीचे पैसे एकदम रोख दिले. आता उद्या त्यांनी कुठून तरी पक्कं बिल आणलं तरी त्या एसीवर घसारा शून्य. चेकने, यूपीआयने किंवा बँकेतून दिले असते तर पूर्ण मिळाला असता. यूपीआय तर चाचा चहावाल्यालाही करतात!

तारखेचाही एक नियम आहे. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर त्या वर्षी घसारा अर्धाच. साध्या वर्षात ३ ऑक्टोबरपर्यंत ते चालू झालेलं असलं तर पूर्ण मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मार्चअखेर एसी लावला तर साडेसात टक्के त्याच वर्षी मिळतात, मग वापर चार दिवसांचा का असेना. पण तो चालू झालेला असला पाहिजे, खोक्यात पडून राहिलेला चालत नाही.

तुमच्यातले हुशार वाचक आता म्हणतील, की चाचांना कर लागतच नसेल तर हा सगळा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला लपवाछपवी न करता उत्तर द्यायला हवं. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून सर्वसाधारणपणे कर शून्य होतो. अनेक छोटे दुकानदार कलम ४४एडीखाली उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा दाखवून मोकळे होतात. त्यांना घसारा वेगळा मिळत नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसालासुद्धा ७,०८० च्या घसाऱ्याने पहिल्या वर्षी १,४१६ रुपयेच वाचतात. त्यात कुणाचं घर बांधून होणार नाही.

पण ४४एडीमध्ये एक खोच आहे. तुम्ही घसारा घेतला नाही, तरी तो घेतला असं कायदा धरून चालतो. पाच वर्षं अंदाजी नफा दाखवलात आणि सहाव्या वर्षी धंदा वाढला म्हणून नीट वह्या ठेवायला लागलात, तर तुमचा एसी मूळ किमतीने वहीत येत नाही. पाच वर्षं झिजून येतो. ती झीज मोजायची तर पहिलं बिल लागतं. बिल नसेल तर तुमच्या वहीत तो एसी जन्मालाच आलेला नसतो. घसाऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. वह्या ठेवणाऱ्याला एखाद्या वर्षी नफा कमी पडला तर उरलेला घसारा पुढच्या वर्षांत नेता येतो, आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही. मंदीतून जाणाऱ्या गाळ्याला याची किंमत कळते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांच्या छतावर कूलिंग टॉवर दिसतात, आत चिलर असतात. तिथल्या हिशेबखात्याला प्रत्येक नट-बोल्टचा घसारा तोंडपाठ असतो. टाकाऊ उष्णता परत वापरणारी काही यंत्रं, सौर उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा, यांवर ४० टक्के घसारा आहे, हेही त्यांना माहीत असतं. त्या चिलरच्या देखभालीला जाणारी पोरं आपली असतात. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेली, किंवा न करता उस्तादाच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्या कंत्राटाच्या बिलातून एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि रिटर्न न भरल्यामुळे तो कधी परत येत नाही. ज्या बाइकवर ते सिलिंडर बांधून नेतात, त्या बाइकवर, व्हॅक्यूम पंपावर, ड्रिल मशीनवर १५ टक्के घसारा त्यांचाही असतो. दुसऱ्यांचे एसी बसवणारा माणूस स्वतःच्या हत्यारांची वही ठेवत नाही. माझा मामेभाऊही ठेवत नव्हता.

बदलापूरचं नाव हल्ली उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत येतं. नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर दवाखाने, क्लासेस, जिम, पार्लर निघाले आहेत, त्यांत आपली डॉक्टर आणि शिक्षिका झालेली पिढीही आहे. यातले बहुतेक गाळे भाड्याचे असतात. भाडेकरूला वाटतं, की भिंती आपल्या नाहीत, मग आपल्याला काय मिळणार? स्वतः घेतलेला एसी तर तुमचाच आहे. पण भाड्याच्या जागेत स्वतःच्या खर्चाने केलेलं बांधकाम आणि नूतनीकरण यांवरही, ती इमारत जणू तुमचीच आहे असं धरून, घसारा मिळतो. घरातच शिलाईचं काम करणाऱ्या बहिणींनी हेही लक्षात ठेवावं, की खोलीतला एसी थोडा घरासाठी आणि थोडा धंद्यासाठी वापरला जात असेल, तर धंद्याच्या वाट्याइतका घसारा मागता येतो.

आता कारागिरांकडे येतो, कारण मला खरं त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. चाचांनी दोन एसी लावले, पण शिलाईच्या मोठ्या खोलीत एकही नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "खर्च परवडत नाही." १९४८ च्या कारखाना कायद्यात हवा आणि तापमानाचं कलम होतं, पण अनेक छोटे गाळे त्याच्या कक्षेबाहेरच राहायचे. करकायद्यात मात्र एक गोष्ट आहे, जी मालकांना सांगण्यासारखी आहे. उत्पादन करणाऱ्या धंद्याने नवं यंत्र घेतलं, तर पहिल्या वर्षी नेहमीच्या १५ टक्क्यांवर आणखी २० टक्के जादा घसारा मिळतो. तो ऑफिसमध्ये किंवा राहत्या जागेत बसवलेल्या यंत्राला मिळत नाही. कपडे शिवणं हे उत्पादन आहे. म्हणजे केबिनमधल्या एसीवर पंधरा, आणि कारागिरांच्या डोक्यावर, उत्पादनाच्या जागेत लावलेल्या नव्या एसीवर पस्तीस टक्क्यांचा दावा करता येतो. ४०,००० च्या यंत्रावर पहिल्याच वर्षी १४,०००. कायदा करणाऱ्यांच्या मनात कारागिरांचा घाम होता असं मी म्हणणार नाही. त्यांना कारखाने वाढवायचे होते. तरी फायदा तिकडे झुकतो. अडचण अशी, की नवी करपद्धत निवडली तर ही जादा सवलत जाते, आणि पंखा फिटिंगमध्ये येत असल्यामुळे त्याला ती मिळत नाही. सरकारला कामाच्या जागी हवा खेळती हवी असेल, तर पत्र्याखालच्या पंख्याला आणि एग्झॉस्टला यंत्राचा दर द्यायला काय हरकत आहे? आपल्या मागण्यांच्या यादीत ही एक ओळ घालावी असं मला वाटतं. ती मुसलमानांसाठी वेगळी मागणी नाही. त्या गाळ्यात बिहारचा, बंगालचा, मराठवाड्याचा, सगळ्या धर्मांचा कारागीर बसतो.

वही नसली की काय होतं, हे या शहराने पाहिलेलं आहे. सात-आठ वर्षांपूर्वी वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. नदीची अवस्था पाहता कारवाई चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण बॉयलर, ड्रायर, वॉशिंग मशीन रातोरात हलवावी किंवा विकावी लागली, तेव्हा भागीदारांमध्ये वाटणी कशी करायची हा प्रश्न उभा राहिला. ज्याच्याकडे यंत्रांची यादी आणि घसरत आलेली किंमत लिहिलेली होती, त्याच्याकडे बोलायला निदान एक आकडा होता. बाकीच्यांकडे फक्त आवाज होता.

आणि हाच प्रश्न घरात येतो, तेव्हा जास्त बोचतो. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग वारले. बेकरी होती. भट्टी, मळणी मशीन, शीतकपाट, दुकानात एसी. वारसा वाटताना जागेचा भाव निघाला, बँकेतली रक्कम निघाली. यंत्रांचं काय, असं बहिणीने विचारलं तर भाऊ म्हणाले, "ती तर जुनी आहेत, त्यांची काय किंमत?" शरीअतने तिला दिलेला हिस्सा त्या एका वाक्यात गेला. भाऊ वाईट नव्हते. खरंच कुणाला किंमत माहीत नव्हती. वहीतली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मान्य. पण वहीत ९,३०० लिहिलेले असतील तर कुणी शून्य म्हणू शकत नाही.

आपल्याला ही सवय परकी नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मदरशातल्या पोरालाही माहीत असतं. रमजानमध्ये जकात काढताना दुकानदार विक्रीचा माल आणि रोकड मोजतो. वजनकाटा, फ्रिज, मशीन सोडून देतो, कारण बहुतेक उलेमांच्या मते धंद्याच्या साधनांवर जकात नाही. म्हणजे माल वेगळा आणि साधन वेगळं, हा फरक आपण दरवर्षी करतोच. मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सोडून दिलेल्या साधनांची नावं लिहायची: कधी घेतलं, कितीला घेतलं, कसे पैसे दिले, बिल कुठे आहे. पुढचं काम सीए करील. त्याची फी जड वाटत असेल तर वाणिज्य शाखेत शिकणारी पोरं-पोरी प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. या अंकाचे वाचक तेच आहेत. एका रविवारी तीन-चार जणांनी एका गल्लीतल्या दुकानांच्या याद्या करून द्याव्यात. कराचा सल्ला देऊ नका, फक्त यादी करा आणि बिलांचे फोटो काढून ठेवा.

मामेभावाने आता बिलबुक छापून घेतलं आहे, आणि बँकेचा क्यूआर बॅगेवर चिकटवला आहे. तो अजूनही विचारतो, "बिल पाहिजे का?" मी म्हटलं, विचारू नकोस, देऊन टाक. तो हसला. म्हणाला, "भाईजान, बिल दिलं की दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात." त्याचं खरं आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच चाचांचा फोन आला होता. शिलाईच्या खोलीत एक मोठा एसी लावायचा विचार आहे, आणि जुन्या दोघांचं बिल मागच्या तारखेने मिळेल का? मामेभावाने नाही म्हणून सांगितलं. नव्याचं मिळेल, म्हणाला, पण पैसे खात्यात टाका. चाचा अजून विचार करत आहेत.